आधी फवारणीचे पुस्तक घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावचे वाचनालय 'ड' वर्गातले. यंदा शेतीविषयक एकाच पुस्तकापुरते पैसे उरले आणि निवड दोन पुस्तकांत अडली आहे. एक पुस्तक माती परीक्षणाचे, दुसरे कीटकनाशकांच्या सुरक्षित वापराचे. बहुतेकांचा कल मातीकडे आहे. ते पुस्तक उत्तमच आहे. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा का पडतात, सामू (पीएच) आठच्या वर गेला की जस्त जमिनीत असूनही पिकाला का मिळत नाही, हे त्यात छान उलगडले आहे. तरी माझे मत दुसऱ्याला.

मातीचा नमुना पीक निघाल्यावर घ्यायचा असतो, त्याला सवड असते. शिवाय तो कसा घ्यायचा हे कृषी सहायकही दाखवतात. फवारणी मात्र थांबत नाही. २०१७च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उंच वाढली होती, फवारा तोंडावरच येत होता.

कीटकनाशकाच्या डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग काय सांगतो, हे आजही कित्येक कास्तकारांना ठाऊक नाही. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. आणि हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. ऑरगॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक कातडीतूनही अंगात शिरते आणि मज्जातंतूंचे काम सुरळीत ठेवणारे एक विकर (एन्झाइम) बंद पाडते. मग घाम आणि लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. अ‍ॅट्रोपिन हा त्यावरचा उतारा, पण तो डॉक्टरांनीच द्यायचा. आपण भिजलेले कपडे लगेच उतरवायचे, अंग साबणाने धुवायचे आणि फवारलेल्या औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. पुस्तकात हे सारे कारणांसह दिले आहे. कारण कळले की भर उकाड्यातही माणूस हातमोजे घालतो, असे मला मनापासून वाटते.

फवारणारे बहुतेक रोजमजूर, ते वाचनालयाचे सभासद नाहीत, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून पोळ्याआधी पारावर संध्याकाळी हे पुस्तक मोठ्याने वाचावे, असे मी समितीला सुचवले आहे.

आपल्या रविवार पुरवणीत कथा-कवितांची परीक्षणे नेमाने येतात. अशा पुस्तकांचीही यावीत, आणि ती मे महिन्यातच यावीत. जूननंतर गावात कोणाला पुस्तक निवडायला वेळ नसतो.

आपला,
एक वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ