बाळाच्या कानांची पुढची तपासणी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

ताईने बाळाचा रिपोर्ट पाठवला. दोन्ही कानांपुढे ‘रेफर’ लिहिलंय, म्हणजे कान पास झाले नाहीत, पुन्हा तपासायला हवेत. तेवढ्यावरून बाळाला ऐकू येत नाही असं ठरत नाही, पण म्हणून कागद फाईलला लावून विसरायचाही नाही. बाळाची ही जी ओएई तपासणी झाली, तीत कानात छोटं बोंड बसवून बारीक आवाज सोडतात. आतल्या कानातल्या केसपेशी ठणठणीत असल्या तर त्या हलकासा प्रतिसाद परत पाठवतात, तो मशीन टिपतं. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत कानात चिकटा किंवा पडद्यामागे पाणी असतं, त्यानेही रेफर येतो. म्हणून महिन्याच्या आत ती पुन्हा करायची.

बाबा, थाळी वाजवली की बाळ दचकतं, हे खरंच असेल. पण थाळीचा आवाज फार मोठा असतो. तो ऐकणाऱ्या बाळाला ‘स’, ‘श’ अजिबात ऐकू येत नसतील असंही होतं. शिवाय हादऱ्याने, वाऱ्याच्या झोताने, हात हललेला दिसला तरी बाळ दचकतंच. हुंकारावरही जाऊ नका. जन्मतः न ऐकणारी बाळंही पहिले काही महिने छान हुंकार देतात, मग हळूहळू गप्प होतात. ‘आपल्याकडे मुलं उशिराच बोलतात’ म्हणत घरोघरी दोन-दोन वर्षं निघून जातात, आणि भाषा शिकायला मेंदू सगळ्यात तयार असतो तो नेमका हाच काळ.

बाळ आठवडाभर काचेत होतं, कावीळही बरीच चढली होती. त्यामुळे दुसरी ओएई पास झाली तरी बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडे नीट जातो का ते बघणारी तपासणी, करायचीच. कावीळ फार वाढली तर कधी केसपेशी शाबूत राहतात आणि पुढची नस बिघडते. ओएईला ते दिसत नाही, बेराला दिसतं. तीन महिन्यांच्या आत निदान पक्कं व्हायला हवं. जिल्हा रुग्णालयात लहान मुलांमधले दोष लवकर शोधून उपचार करणारा डीईआयसी कक्ष असतो, तिथे चौकशी करा. नाहीतर मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या दोषांसाठीची संस्था आहे.

बेराला कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवतात. दुखत नाही, फक्त बाळ गाढ झोपलेलं लागतं. सकाळी त्याला जागं ठेवा, गाडीतही झोपू देऊ नका आणि तिथे पोचल्यावरच ताईला पाजायला सांगा. या वयात पोट भरलं की आपसूक झोप लागते. झोपेचं औषध लागलंच तर तिथले डॉक्टर देतील, घरून काही पाजू नका. त्या दिवशी डोक्याला तेल-पावडर नको, इलेक्ट्रोड सुटतात. काचेतलं डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. कुठली इंजेक्शनं दिली ते त्यांना बघायचं असतं, कारण जेंटामायसिन, अमिकासिन कानाला बाधू शकतात.

आई, न्हाऊ घालताना कानात तेल सोडू नकोस. टाळूवर घाल, अंगाला हवं तेवढं चोळ. कानातलं तेल तपासणीच्या बोंडाच्या छिद्रात जातं, आणि एरवीही ओलसर कानात बुरशी धरते.

दोष निघालाच तर सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र लागतं आणि बाळ जागं असेल तोवर ते कानावर हवं. त्यात सगळ्यात जास्त त्रास देतो तो मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा मऊ साचा. या वयात कान भराभर वाढतो, साचा सैल पडतो आणि यंत्र शिटी मारायला लागतं. मग घरातली माणसं यंत्राचा आवाज कमी करतात किंवा ते काढून डब्यात ठेवतात. तसं करायचं नाही, नवीन माप द्यायला जायचं. पहिल्या वर्षात दर महिना-दोन महिन्यांनी ते लागू शकतं. बॅटरीच्या झाकणाला कुलूप असलेलंच यंत्र घ्या, गिळलेली बॅटरी जिवावर बेतते. आपल्याकडच्या पावसात रात्री यंत्र ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवावं लागेल. यंत्रानेही भागलं नाही तर वर्षाच्या आसपास कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र, करता येतं, त्याला दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेतून मदत मिळते.

सगळं पास आलं तरी नवव्या महिन्यात पुन्हा तपासायचं, काचेत राहिलेल्या बाळांत दोष मागाहूनही येतो. ओएईची तारीख या सोमवारीच घ्या आणि मला फोन करा. बेरासाठी मी बोलून ठेवते.

तुमची,
छोटी