टायर वाढले, क्राऊन-पिनियन मात्र तेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूळचे 235/75 आर 15 टायर उतरवून 33 इंची टायर चढवलेले पिकअप इंदुरात आता पुष्कळ दिसतात. त्यानंतरच्या तक्रारीही ठरलेल्या असतात: गाडी उचलत नाही, पाचव्या गिअरमध्ये दम तोडते, क्लच प्लेट लवकर जळते, डिझेल जास्त खाते. मग पंप खोलला जातो, नोझल बदलले जातात, कुणी टर्बोचे प्रेशर वाढवून देतो. बहुतेक वेळा इंजिनात काहीच बिघडलेले नसते. टायरचा व्यास वाढला आणि मागच्या धुरीच्या हाउसिंगमधली क्राऊन-पिनियनची जोडी (इंजिनाची फिरकी चाकांना देणारे मोठे आणि छोटे गिअर) तीच राहिली, एवढेच झालेले असते.

हिशेब सोपा आहे. 235/75 आर 15 चा व्यास सुमारे 733 मिलिमीटर, 33 इंचीचा 838. वाढ 14 टक्के. गाडीचा रेशो (क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात) 4.10 असेल, तर मोठ्या टायरवर तो 3.59 असल्यासारखा वागतो आणि चाकाची ओढ सुमारे 12 टक्के घटते. चौथा गिअर डायरेक्ट (इंजिन आणि शाफ्ट सारख्याच वेगाने फिरणारा) असलेल्या गाडीत ताशी 80 किलोमीटरला इंजिन जवळपास 2,370 आरपीएमवर असायचे, ते आता 2,080 च्या आसपास येते. भरलेली गाडी चढावर तिथेच मरते. उतारावर तर जास्त धोका. भेरूघाटात किंवा मानपूरपुढच्या गणेश घाटात त्याच गिअरमध्ये इंजिन गाडीला पूर्वीइतके रोखून धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि लायनर तापतात.

मूळची ओढ परत हवी तर 4.10 ला 14 टक्क्यांनी वाढवा, उत्तर साधारण 4.7 येते. तो रेशो नेमका मिळेलच असे नाही. जवळचे म्हणजे 4.56 (41 आणि 9 दात) किंवा 4.88 (39 आणि 8 दात). माल वाहणाऱ्या, घाटातल्या गाडीला 4.88 बरा, रिकाम्या हायवेच्या गाडीला 4.56. पण पिनियनचे दात कमी झाले की पिनियन बारीक होतो, ताकदही घटते. म्हणून गरजेपेक्षा मोठा रेशो घेऊ नये. काही डिफमध्ये (डिफरन्शियलमध्ये) रेशो ठरावीक हद्दीपलीकडे गेला की जुना केज (क्राऊन ज्यावर बसतो तो सांगाडा) चालत नाही, तोही बदलावा लागतो. हे जोडी विकत घेण्याआधी विचारा.

सध्याचा रेशो कोणता, हे अंदाजाने सांगणाऱ्यावर विसंबू नका. पुढच्या चाकांना ओट (अडसर) लावा, मागचे एकच चाक घोडीवर (स्टँडवर) उचला, गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक मोकळा ठेवा. चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या दांड्यावर) खडूची खूण करून चाक 20 फेरे फिरवा. दुसरे चाक जमिनीवर असल्याने क्राऊनचे 10 फेरे होतात. शाफ्टचे 41 झाले, तर रेशो 4.10. (लॉकिंग किंवा लिमिटेड स्लिप डिफ असेल तर हा हिशेब लागू नाही.) फोर बाय फोर गाडीत पुढचा आणि मागचा, दोन्ही रेशो एकाच वेळी बदलावे लागतात. एकच बदलून फोर व्हील टाकले, तर कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणाऱ्या पेटीत) पीळ बसतो आणि काहीतरी तुटतेच.

आता मुख्य काम, आणि इथेच सगळ्यात जास्त हलगर्जी होते. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. नंबर वेगळे असतील तर जोडी परत करा. बेअरिंगच्या कॅप उतरवण्यापूर्वी डावी-उजवी खूण करावी, त्यांची अदलाबदल चालत नाही. बेअरिंग, ऑइल सील आणि क्रश स्लीव्ह (आवळताना दबणारी नळी) नवेच. पिनियनचा नट आवळताना स्लीव्ह दबतो आणि बेअरिंगवर प्रीलोड येतो, म्हणजे ते ठरावीक जड फिरते. नव्या बेअरिंगला तो छोट्या डिफमध्ये साधारण दीड ते अडीच न्यूटन-मीटर असतो, कंपनीचा आकडा असेल तर तोच अंतिम. खास रेंच नसेल तर क्राऊन बसवण्याआधी, सीलही न घालता, फ्लँजला (पिनियनच्या टोकावरच्या चकतीला) दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने ओढा. फ्लँजची त्रिज्या 5 सेंटिमीटर असेल आणि फिरत असताना काटा 4 किलो दाखवत असेल, तर प्रीलोड 2 न्यूटन-मीटर. नट जास्त आवळला गेला तर सैल करून पुन्हा आवळू नका. स्लीव्ह एकदा दबला की संपला, दुसरा घालावा लागतो. हा फरक हाताला कळत नाही, आणि शंभर-दोनशे किलोमीटरनंतर बेअरिंग निळे पडते.

बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजने क्राऊनवर चार ठिकाणी मोजावा: साधारण 0.15 ते 0.25 मिलिमीटर. चार जागांत 0.05 पेक्षा जास्त फरक आला, तर क्राऊन वाकडा बसला आहे किंवा खाली कचरा अडकला आहे. मग दातांना मार्किंगचा रंग लावून डिफ दोन्ही दिशांनी फिरवून पाहा. छाप दाताच्या मुळाशी उमटला तर पिनियन जास्त आत, शिम (पिनियनमागची पातळ चकती) कमी करायचा. शेंड्याशी उमटला तर उलट. 0.05 च्या शिमनेही छाप सरकतो. हे सगळे करताना दोन-तीनदा खोलावे लागते. ‘कानाने सेट करतो’ म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका. क्राऊनचे बोल्ट थ्रेड लॉक लावून, समोरासमोर, टॉर्क रेंचनेच आवळावेत.

तेल जीएल-5, 80 डब्ल्यू-90 किंवा कंपनी सांगेल ते. पहिल्या दिवशी वीस किलोमीटर हळू चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी. 800 किलोमीटरपर्यंत माल भरू नये, त्यानंतर तेल बदलावे. नवे दात या काळात एकमेकांवर बसतात आणि खूप तापतात.

एवढे करूनही एक गोष्ट सुधारत नाही: ब्रेक. ब्रेकवर तेवढाच पाय दाबला तर मोठा टायर 12 टक्के कमी रोखला जातो, आणि गाडी पाच सेंटिमीटर उंच झालेली असते. क्राऊन-पिनियनने यातले काही बदलत नाही. म्हणून मालाच्या पिकअपला 33 इंची टायर घालूच नयेत, असे आमचे ठाम मत आहे. शिवाय मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 च्या निकालात तेच सांगितले आहे. टायर घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्यावे.

ज्यांचे काम झाले आहे, त्यांनी बिलावर दातांची संख्या, जोडीचा नंबर, बॅकलॅश आणि प्रीलोडचे आकडे लिहून मागावेत. जुना क्रश स्लीव्हही हातात घेऊन पाहावा. तो मिळत नसेल, तर बदललेला नाही असेच समजावे.

आपले,
डिफरन्शियल-गिअरबॉक्सचे काम करणारे दोन मिस्त्री, इंदूर