गल्ला जुळतो, तूट मात्र पडतेच

संपादक महोदय,

दुकानाने चुकून कमी किमतीत दिलेली वस्तू ठेवून घ्यावी की परत जाऊन सांगावे, हा विषय निघाला की एक वाक्य हमखास येते : 'चूक त्यांची, आपण थोडीच चोरी केली?' बिलिंगच्या कामाशी रोजचा संबंध असलेल्यांना हे वाक्य अर्धवट वाटते. 'कमी बिल झाले' या तीन शब्दांखाली निदान तीन वेगळ्या चुका असतात आणि प्रत्येकीची तूट वेगळ्या माणसाच्या अंगावर जाते.

पहिली चूक किमतीच्या नोंदीची. पाकिटावरच्या बारकोडमध्ये किंमत नसतेच. ८९० ने सुरू होणारा तो तेरा आकडी क्रमांक फक्त वस्तूची ओळख सांगतो. दर येतो दुकानाच्या संगणकातल्या आयटम मास्टरमधून, म्हणजे वस्तू आणि त्यांच्या दरांच्या मूळ यादीतून. तिथे १,२४९ ऐवजी १२४.९ पडले, किंवा बारा नगांच्या खोक्यापुढे एका नगाची किंमत भरली गेली, की कोणाच्या लक्षात येईपर्यंत प्रत्येक विक्री त्याच दराने होत राहते. कंपनीने छापील किंमत बदलली तरी बारकोड बहुधा तोच राहतो. मग स्कॅन केल्यावर पडद्यावर दोन-तीन किमती दिसतात, त्यातली हातातल्या पाकिटाची निवडायची असते आणि रांग लांबलेली असली की कॅशिअरचे बोट पहिल्याच ओळीवर पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचे तेल यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या-नव्या किमतींची अशी सरमिसळ होणे अटळच होते. या प्रकारात गल्ला जुळतो. संगणकाने १२५ सांगितले, कॅशिअरने १२५ घेतले. तूट उमटते ती पुढे नफ्याच्या हिशेबात, आणि ती मालकाची किंवा कंपनीची असते.

दुसरी चूक वस्तूच बदलण्याची. सुट्या मालाच्या काट्यावर निघणारे लेबल त्या दुकानापुरते असते. त्याचा क्रमांक २ ने सुरू होतो आणि पुढच्या आकड्यांत मालाचा कोड आणि वजन किंवा रक्कम असते. काजूऐवजी शेंगदाण्याचे बटण दाबले गेले, तर समजा ९०० रुपये किलोचा माल १५० च्या दराने जातो. चार साबणांच्या जोडपॅकवर पारदर्शक वेष्टन असले, तर स्कॅनर बाहेरचा कोड सोडून आतल्या एका वडीचा कोड वाचतो आणि चार वड्या एकीच्या पैशांत पिशवीत पडतात. गल्ला इथेही जुळतो. मात्र साठा मोजायच्या दिवशी काजू किलोभर कमी आणि शेंगदाणे किलोभर जास्त निघतात. जास्तीच्या शेंगदाण्यांचे कोणाला काही वाटत नाही. कमी भरलेल्या काजूचा जाब मात्र त्या विभागात उभ्या असलेल्या पोराला विचारला जातो, आणि विचारण्याचा सूर चोर सापडल्याचाच असतो.

तिसरी चूक रोखीची. बिल बरोबर, पण २०० ची नोट ५०० ची समजून सुटे परत गेले. रात्री गल्ला बंद करताना ते ३०० रुपये थेट कॅशिअरच्या नावावर शॉर्ट पडतात. हलगर्जीमुळे झालेली रोखीची तूट पगारातून कापायची तर आधी कामगाराला बाजू मांडू द्यावी, असे वेतनाचा कायदा सांगतो. छोट्या दुकानांत ही बाजू मांडणे 'कसं झालं रे? बरं, भर आता' एवढ्यावर आटोपते.

म्हणून 'कंपनीला काय फरक पडतो' हे फार तर पहिल्या चुकीबद्दल बोलता येईल. दुसरी आणि तिसरी दुकानातल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसांवर फिरते. आणि बिलाकडे बघून ग्राहकाला हा फरक बहुतेक वेळा ओळखता येतो : बिलावर नावच वेगळे असेल तर दुसरी, नाव बरोबर आणि दर चुकीचा असेल तर पहिली.

कायद्याचा आधार दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धाच घेतला जातो. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम २२ म्हणते की केवळ एका पक्षाची वस्तुस्थितीबद्दल चूक झाली म्हणून करार रद्द करता येत नाही. ग्राहक इथे थांबतात. त्याच कायद्याचे कलम ७२ म्हणते की चुकून दिलेले पैसे किंवा चुकून हाती आलेली वस्तू ज्याला मिळाली त्याने परत केली पाहिजे. जास्तीचे सुटे आणि पार्सलमध्ये एकाच्या जागी आलेले दोन नग या कलमात बसतात. समोरच्याची चूक कळत असताना तिच्यावर झडप घालणे ही तर आणखी निराळी गोष्ट. इंग्लंडमधल्या १९३९ च्या एका निकालात सशांच्या कातड्यांचा दर विक्रेत्याकडून नगाऐवजी पौंडावर (वजनावर) लिहिला गेला होता. एका पौंडात सुमारे तीन कातडी बसतात, हे त्या धंद्यातल्या ग्राहकाला ठाऊक असणारच, म्हणून न्यायालयाने सौदा मानला नाही. सिंगापूरमध्ये २००३ साली ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर संकेतस्थळावर ६६ डॉलरला दिसू लागला. सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले, तेही मध्यरात्री एकमेकांना निरोप धाडून. २००५ साली तिथल्या अपील न्यायालयानेही त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. एक प्रिंटर घेणारा कदाचित भाबडा असेल. शेकड्यांनी मागवणारा भाबडा नसतो. चुकीचे दर मोबाइलवरच्या गटांत 'लवकर घ्या, बंद होईल' म्हणून पाठवणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. 'बंद होईल' हे ज्याला माहीत आहे, त्याला दर चुकला आहे हेही माहीत आहे.

उलट, प्रत्येक स्वस्त वस्तूकडे संशयाने बघायचेही कारण नाही. छापील किमतीपेक्षा कमीत विकणे पूर्ण कायदेशीर आहे. मुदत संपत आलेला माल निम्म्या दरात निघतो. गिऱ्हाईक खेचायला साखर-तेल तोट्यातही विकतात. शंका आलीच तर छापील किंमत, पाकिटावर छापलेला प्रतिग्रॅम किंवा प्रतिनग दर आणि फळीवरची किमतीची पट्टी ही तीन ठिकाणे बघावीत. पट्टीवर सवलत लिहिलेली आहे आणि बिल तिच्याशी जुळते आहे, तर ती वस्तू निर्धास्त घरी न्यावी. पट्टी बदलायची राहिली हा दुकानाचा आळस. त्याचा भुर्दंड ग्राहकाने का सोसावा? घरी गेल्यावर चार रुपयांचा फरक सापडला म्हणून रिक्षा करून परत जा, असे कोणी म्हणणार नाही. काउंटरवर उभे असतानाच दिसले आणि तरी तोंड मिटून घेतले, आमचा आक्षेप त्याला आहे.

परत करायचे तर पद्धतशीर करावे, नाहीतर भल्यासाठी केलेल्या गोष्टीने कॅशिअरच अडचणीत येतो. फरकाचे पैसे त्याच्या हातात ठेवून निघून जाऊ नये. बिलाशिवाय आलेली रोकड गल्ल्यात जादा दिसते, आणि जादा गल्ल्याचाही जाब द्यावा लागतो. (जास्त दिलेले सुटे तेवढे त्याच दिवशी, गल्ला मोजायच्या आत, त्याच काउंटरवर द्यावेत.) बाकी चुकांसाठी बिल, वस्तू आणि काट्याचे लेबल घेऊन ग्राहक सेवा काउंटरवर जावे आणि जुने बिल रद्द करून योग्य कोडने नवे करायला सांगावे. त्याने साठाही आपोआप जुळतो. शक्यतो त्याच दिवशी जावे. दिवसाचा हिशेब बंद झाला की तेच काम विक्री-परतीच्या नोंदीतून, सुपरवायझरच्या परवानगीने करावे लागते. दर मास्टरमध्येच चुकला असेल तर 'हा कोड तपासा' एवढे सांगितले तरी पुढचे शंभर घोळ टळतात.

दुकानांकडेही आमचे मागणे आहे. पट्टीपेक्षा किंवा छापील किमतीपेक्षा जास्त बिल झाले, की ग्राहकाला तासभर ताटकळत ठेवून वर 'सिस्टिममध्ये असंच आहे' हे ऐकवले जाते. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे हा वजनमाप कायद्याखाली गुन्हा आहे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर त्याची तक्रार करता येते. मापात पाप करणाऱ्याला ग्राहकाकडून चोख माप मागायचा नैतिक अधिकार उरत नाही. रोज दुकान उघडण्याआधी आदल्या रात्री बदललेल्या दरांची यादी काढून पट्ट्या ताडाव्यात, सगळ्या काट्यांवर नवे दर उतरले का ते प्रत्येकी एक लेबल काढून बघावे, आणि फरक दाखवून देणाऱ्या ग्राहकाला, तो फरक कोणाच्याही बाजूचा असो, दोन मिनिटांत मोकळे करावे.

आपला,
किरकोळ विक्री व बिलिंग क्षेत्रातील एक वाचक, पुणे