विंगेतल्या चिठ्ठ्या

कोल्हापूर,
रविवार, रात्री अकरा

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "दुसऱ्यांसाठी लिहायला लागून पंधरा वर्षं झाली मर्दा. टाळ्या त्यांना, पाकीट मला. आता बास." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. दोन रात्री तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसलो.

आपलं गॅदरिंग आठवतंय? केशवराव भोसले नाट्यगृह. नाटिकेचा सेट लागेना, वीस मिनिटं रेटायची होती आणि निवेदन करणारं पोरगं गार पडलेलं. तू विंगेत खोक्यावर बसून वहीची पानं फाडत होतास आणि एकेक चिठ्ठी त्याच्या हातात सरकवत होतास. बाल्कनीपर्यंत हशा गेला. त्याला पोरांनी खांद्यावर घेतलं. मी तुझ्याकडं बघत होतो. तुझे ओठ त्याच्याबरोबर हलत होते आणि हशा फुटायच्या आधी तू श्वास धरून ठेवायचास.

ब्रूस व्हिलान्चबद्दल वाचताना तीच विंग डोळ्यांपुढं आली. शिकागोतला हा पत्रकार गायिका-नटी बेट मिडलरसाठी लिहायला लागला आणि पुढं कित्येक वर्षं ऑस्करच्या सोहळ्याचे विनोद लिहीत राहिला. ३० मार्च १९९२ ला ७३ वर्षांच्या जॅक पॅलन्स या नटानं ऑस्कर घेतलं आणि स्टेजवरच एका हातानं जोर मारले. (मला आपली मोतीबाग तालीमच आठवली.) हे कुठल्या संहितेत असणार? तरी सूत्रसंचालक बिली क्रिस्टल रात्रभर पॅलन्सवर नवनवे विनोद घेऊन येत राहिला, कारण आत व्हिलान्च आणि त्याचे सोबती लिहीत बसले होते. त्या लेखनाला एमी, म्हणजे टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला, आणि त्या यादीत व्हिलान्चचं नाव आहे.

नाव आहे, बाळ्या. माझं भांडण तेवढंच आहे. 'विच्छा माझी पुरी करा' म्हटलं की लोकांना दादा कोंडके आठवतात, पण ते लिहिणाऱ्या वसंत सबनिसांचं नाव कुणी पुसलं नाही. तुझं नाव श्रेयनामावलीत नाही, ही चूक आहे, आणि ती तू पंधरा वर्षं खपवून घेतलीस याचा मला राग आहे. पुढच्या कामाला पैशाआधी नाव माग. पण लिहिणं सोडू नकोस.

गेल्या महिन्यात तू लिहिलेल्या त्या पुरस्कार सोहळ्यात तो नट म्हणाला, "माणूस खरं बोलतो, ते फेस बसल्यावर." आई ताडकन उठून बसली. "अरं, हे आपल्या गंगावेशीतलं हाय!" दूध कट्ट्यावरचे ते म्हातारबा म्हणायचे, "फेस बसू दे, मग माणूस खरं बोलतो." तू फेस शेवटी नेलास. तो नट थांबून थांबून बोलतो, त्याला शेवटी वजन लागतं, हे तू ओळखलंस. हे कुणालाही जमत नाही लेका. मला तर जन्मात जमणार नाही.

नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, तेव्हा आधी तुझं ते खोकं आठवलं. त्या रात्री स्टेजवर पडलेल्या चिठ्ठ्या मी गोळा केल्या होत्या, तुला कधी सांगितलं नाही. अकरा आहेत. एकीवर चहाचा डाग आहे.

गणपतीला ये. चिठ्ठ्या दाखवतो. येताना करार घेऊन ये, मेव्हण्याला दाखवू. तो वकील आहे. आई तांबडा-पांढरा करायचा म्हणतेय, म्हणून विसर्जनानंतरही दोन दिवस राहायच्या तयारीनं ये.

तुझाच,
दिन्या