बंद पडलेले एलईडी बल्ब आणि मुलांचे प्रयोग

संपादक महोदय,

इंदूरमध्ये सुट्ट्या लागल्या की मुलं बंद पडलेले एलईडी बल्ब उघडून बसतात. चांगला छंद आहे, अडवू नये. पण होल्डरमधून काढला म्हणजे बल्ब निर्धोक झाला, हा समज चुकीचा. आतल्या ४०० व्होल्टच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, सव्वातीनशे व्होल्टपर्यंत चार्ज उरू शकतो. त्याचे दोन पाय स्क्रूड्रायव्हरने जोडून शॉर्ट करू नका. ठिणगी उडते, सर्किटच्या पट्टीवरचा तांब्याचा थर उखडतो. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने कपॅसिटरच्या दोन्ही पायांना पाच सेकंद लावा, मग मल्टिमीटरने (व्होल्ट मोजायच्या यंत्राने) व्होल्टेज शून्य झालंय का तपासा.

बहुतेक वेळा प्रकाश देणाऱ्या छोट्या एलईडी चिपांपैकी एकच चिप जळलेली असते. मधोमध काळा ठिपका दिसतो. बाकीच्या कामाच्या. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर त्या पेटत नाहीत म्हणून फेकू नका, कारण एका चिपला बहुधा ६ किंवा ९ व्होल्ट लागतात आणि तो मोड तेवढे देत नाही. १२ व्होल्ट अॅडॅप्टर आणि मध्ये १ किलोओहम रेझिस्टर ठेवून तपासा. उलट्या जोडल्या तर पेटणार नाहीत, एवढंच.

जळलेली चिप शॉर्ट करून बल्ब पुन्हा मेनवर (घरच्या वीजपुरवठ्यावर) लावण्याची युक्ती मात्र मुलांना शिकवू नये. बल्बमधल्या स्वस्त ड्रायव्हरमध्ये, म्हणजे चिपांना वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, मेनपासून विलगीकरण नसतं. झाकण उघडं असताना चिपच्या टोकांना हात लागला तर थेट २३० व्होल्टचा झटका.

सीएफएलची, म्हणजे जुन्या वळणदार नळीच्या बल्बची, नळी तर फोडूच नये, आत पारा असतो. ती कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या डब्यातच द्यावी. तो डबा काय शोभेला लावलाय?

– एक वाचक, इंदूर