सुभेदार बाबांच्या मैदानासाठी गावकऱ्यांना आवाहन

समस्त गावकरी मंडळी, माय-बहिणी आणि बाहेरगावी नोकरीवर असलेल्या आपल्या पोट्ट्यांनो, जय हिंद.

पोळ्याच्या करीला सुभेदार बाबांना जाऊन वर्ष झालं. तेराव्याला मांडवात बसून आपण सगळ्यांनी ठरवलं होतं की बाबा जिथं पोरांकडून फौज-पोलीस भरतीचा सराव करून घ्यायचे ते नाल्याकाठचं मैदान त्यांच्या नावानं नीट करू. तेव्हा हात वर करणारे खूप होते, नंतर दोनदा मिटींग लावली तर अकरा माणसं आली, हे लिहिताना बरं वाटत नाही पण लिहून राहिलो, कारण ज्या माणसानं आपल्या लेकरांसाठी निवृत्तीनंतरची सारी पहाट घातली त्याच्यासाठी आपल्याला एक संध्याकाळ निघत नाही.

बाबा महार रेजिमेंटचे. 1941 ला बाबासाहेबांच्या प्रयत्नानं बेळगावला उभी राहिलेली ही रेजिमेंट, तिचं सेंटर मध्यप्रदेशात सागरला, बाबांचं ट्रेनिंग तिथलंच. एकाहत्तरच्या लढाईत ते सीमेवर होते पण स्वतःहून कधी सांगत नसत, फार खोदून विचारलं तर "यश सिद्धी" एवढं म्हणायचे, तेच त्यांच्या रेजिमेंटचं ब्रीद. सांगायचे ते दुसऱ्याचंच. दरवर्षी 7 डिसेंबरला ध्वजदिन निधीचा पहिला पैसा त्यांचा असायचा.

पहाटे साडेचारला नाल्याकाठी चुन्याची रेघ मारून बाबा उभे. काळ्या दोऱ्यात बांधलेलं स्टॉपवॉच गळ्यात, खिशात शिट्टी. प्रत्येक पोट्ट्याचा टायमिंग लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहायचे, एकाच्या नावापुढे 7 मिनिट 10 पासून 5 मिनिट 24 पर्यंत सगळे आकडे आहेत, तो आज फौजेत आहे. फौजेच्या अग्निवीर भरतीला 1600 मीटर साडेपाच मिनिटांत केलं की पूर्ण 60 मार्क, दहा बीम (आडव्या पाईपला लटकून अंग वर ओढणं) मारले की 40, हे त्यांनी पोरांना अक्षरं गिरवावी तसं पाठ करून घेतलं. पोलीस भरतीसाठी मुलींची 800 मीटरची बॅच त्यांनी सुरू केली तेव्हा गावात कुजबुज झाली, तर पहिल्या दिवशी ते आपल्या नातीलाच घेऊन आले. ती वही आणि शिट्टी आजींनी स्वतः आणून मंडळाकडे दिली, म्हणाल्या, घरी ठेवून काय करू.

आता मैदानाची हालत बघा. आपली काळी माती, पावसात बुटाला किलोकिलो चिकटते अन् उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा. यंदा नाल्याच्या पाण्यानं एक कडा वाहून गेली, एका पोरीचा पाय मुरगळला, म्हणून पोरं डांबरी रोडवर धावून राहिली, अंधारात ट्रक येतात. काही झालं तर कोणाच्या तोंडाकडे पाहायचं?

ज्यांनी आतापर्यंत हात दिला त्यांचे उपकार विसरणार नाही. जिनिंगवाल्या काकांनी बीमचे लोखंडी पाईप फुकट दिले अन् वेल्डिंगवालाही स्वतःच आणला. अंगणवाडीच्या ताईंनी आपल्या मानधनातून 1,000 दिले, बचत गटाच्या बायांनी दाळ-मसाल्याच्या नफ्यातून 5,100 दिले. बाबांच्या हाताखालून फौजेत अन् पोलिसात गेलेल्या सहा जणांनी मिळून 15,000 पाठवले, त्यातला एक सुट्टीवर आला तेव्हा दोन दिवस फावडं घेऊन स्वतः राबला. आणि एका म्हाताऱ्या मजूर बाईनं पदराची गाठ सोडून 50 रुपये दिले, म्हणाली माझ्या नातवाले बाबानं बूट घेऊन देल्ले होते. पावती फाडताना आमच्या कोषाध्यक्षांचा हात थांबला होता.

हिशोब असा. 400 मीटरचा ट्रॅक (चार चक्कर म्हणजे 1600), मुरूम 20 ट्रॉल्या, रोलर, उडीच्या सरावाचा नऊ फुटी खड्डा, नाल्याकडे कड वाहू नये म्हणून दगडी पिचिंग आणि बाबांच्या नावाचा दगड, त्यावर रेजिमेंटचं चिन्ह, आडव्यातिडव्या दोन मशीनगन. एकूण 85,000, जमा 31,000, बाकी 54,000. सोयाबीन निघाल्यावर ट्रॅक्टर मोकळे असतात, एकदा कापूस सुरू झाला की भेटत नाही, म्हणून घाई. ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांनी ट्रॉली द्या, डिझेल द्या, नाहीतर श्रमदानाला या. 16 डिसेंबरला विजय दिवसाला आजींच्या हातानं दगडाचं अनावरण करायचं आहे. रविवारी हरिपाठानंतर मारुतीच्या पारावर मिटींग, पैसे फक्त कोषाध्यक्षांकडे किंवा मंडळाच्या बोर्डावरच्या क्यूआरवर, क्यूआरवर पैसे टाकल्याचा फोटो पाठवा, पावती घ्याच, मुरूमवाल्याला शुक्रवारपर्यंत ॲडव्हान्स द्यायचा आहे.

आपला,
सचिव, मंडळ