एफडी मोडू नका, चिऊ कोल्हापुरातच शिकणार आहे

विटा

आई, बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला गेलो की बाबा मध्येच 'पैशाचं मी बघतो' म्हणतात, आई फोन काढून घेऊन 'जेवलास का' विचारते आणि मुद्दा राहतो. म्हणून लिहितोय. चिऊची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची जागा कोल्हापूरच्या कॉलेजात पक्की केली. पुण्याच्या त्या खासगी विद्यापीठाला नकार कळवून झाला.

बाबा, त्यांचं 'पन्नास टक्के मेरिट स्कॉलरशिप'चं पत्र तुम्ही कट्ट्यावर सगळ्यांना वाचून दाखवलंत, मला ठाऊक आहे. तिच्या मार्कांचं कौतुक त्यात खरंच होतं. पण खालची बारीक अक्षरं वाचा. सूट फक्त ट्यूशन फीवर, आणि ती पुढच्या वर्षी टिकवायची तर ठरावीक सीजीपीए (सरासरी ग्रेड) हवा, एकही विषय राहता कामा नये. समजा ट्यूशन चार लाख. पहिल्या वर्षी दोन भरायचे, वर होस्टेल-मेसचे दीड. पहिल्याच सेमिस्टरला गणिताने दगा दिला (भल्याभल्यांना देतं) की दुसऱ्या वर्षी थेट साडेपाच. तोवर पोरगी तिथे रुळलेली, सोडवत नाही. तुमची एफडी दीड वर्षात संपली असती. शिवाय मुदतीआधी मोडली की व्याज कापतात ते वेगळंच.

इकडचा हिशेब असा. जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, एसईबीसी (मराठा) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना इंजिनिअरिंगसारख्या कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मेख एवढीच, की प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा. त्याच कॉलेजात, त्याच वर्गात मॅनेजमेंट कोट्यातून बसलेल्या मुलीला एक रुपया माफ होत नाही. खासगी अभिमत आणि खासगी विद्यापीठांत तर ही योजनाच नाही. म्हणून बाबा, तुमच्या मित्राचा शब्द मी टाकून दिला असं मनात आणू नका. त्यांच्या ओळखीने मॅनेजमेंट कोट्यातली जागा मिळाली असती, माफी गेली असती. टीएफडब्ल्यूएसची (ट्यूशन फी माफीच्या वेगळ्या योजनेतली) जागाही बघितली होती. तिथे ट्यूशन माफ असते, पण पुढे ब्रँच किंवा कॉलेज बदलता येत नाही. मग तिची गरज उरली नाही. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस, पुस्तकं आपल्याला भरायची आहेत, आणि ते मला झेपतं. खरंच झेपतं.

आणि हे सगळं जमलं कशामुळे? तुमच्या ट्रंकेमुळे. जात पडताळणीला ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. आण्णांचा शाळेचा दाखला तुम्ही फडक्यात बांधून ठेवला नसता तर मी अजून कचेरीतच उभा असतो. लहानपणी त्या ट्रंकेला हात लावला म्हणून मार खाल्ला होता, तो आता माफ.

आता आईला न आवडणारी गोष्ट. चिऊ होस्टेलवर राहील. मंगळवार पेठेत घर असताना होस्टेल कशाला, असं तू म्हणशील. कॉलेज गावाबाहेर, केएमटीच्या दोन बस बदलायच्या, प्रॅक्टिकल संपेपर्यंत संध्याकाळ होते. आणि ती घरी असली की तू पाचला उठून डबा करणार, गुडघे कितीही बोंबलू देत. तुला मी ओळखतो गं. शनिवारी संध्याकाळी येऊन रविवारी जेवून जाईल, तिची खाट माडीवर नको, खाली टाका. आणि बाबा, शाहू महाराजांनी 1901 पासून बोर्डिंगं काढली, तुम्ही त्यातल्याच एकात राहून शिकलात. कोल्हापुरात होस्टेलला राहणं कमीपणाचं कधी नव्हतं.

काही गोष्टी मात्र ऐका. तिच्यासाठी तिकडच्या बँकेत हौसेने नवं खातं उघडू नका. सरकारी पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. नवं खातं जोडलं गेलं की शिष्यवृत्तीची रक्कम भलतीकडे जाते आणि मग शोधत बसायचं. बँकेतला माणूस 'आधार लिंक आहे' म्हणाला तरी ते केवायसीचं असू शकतं. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, एनपीसीआयची (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) जोडणी लागते, ती मी इथे करून घेतली आहे. महाडीबीटीचा (शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल) अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो, तेही माझ्याकडे. तुमच्याकडे एकच काम: आण्णांच्या दाखल्याची मूळ प्रत परत ट्रंकेत. लॅमिनेट करू नका.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर चिऊबरोबर पाठवतो. कांदा-लसूण चटणी अर्धा किलोच दे, गेल्या वेळी बरणी फुटून दप्तर लाल झालं होतं. आणि बाबा, एफडीची पावती शर्टाच्या खिशात घेऊन फिरताय असं आई म्हणाली. ती आज कपाटात ठेवा आणि ठेवलीत की मला मिस कॉल द्या.

तुमचा,
बाळू